ओला रुमाल

मराठी बायबल वाचताना योहानकृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात एक शब्द असा भेटतो, की क्षणभर जेरुसलेम आपल्याच न्हाणीघरात येऊन उतरते. तो शब्द आहे 'गंगाळ'. तांब्या-पितळेचे, रुंद तोंडाचे, दोन्ही बाजूंना कड्या असलेले, बंबातले कढत पाणी पोटात घेऊन विसणाची वाट पाहणारे ते भांडे ज्यांनी लहानपणी पाहिले आहे, त्यांना या प्रसंगाकडे जायला वेगळी वाट शोधावी लागत नाही. येशू शिष्यांचे पाय धुण्यासाठी ज्या पात्रात पाणी ओततो, त्याला मूळ ग्रीकमध्ये 'निप्तेर' म्हटले आहे. निप्तेर म्हणजे धुण्याचे पात्र, आणि सबंध नव्या करारात हा शब्द या एकाच ठिकाणी आला आहे. त्याच्याआधी ग्रीक भाषेतले छोटेसे निश्चयवाचक उपपद आहे. कुठले तरी एक गंगाळ, असे योहान म्हणत नाही. तो म्हणतो ते गंगाळ, जणू तिथे ठेवलेले, सगळ्यांच्या डोळ्यांसमोरचे. एवढ्याशा उपपदाच्या आधाराने आपण ती खोली मनात उभी करू शकतो: वल्हांडण सणाच्या आधीची संध्याकाळ, भोजन मांडलेले, कोपऱ्यात पाणी, कापड आणि पात्र. सगळे सिद्ध आहे, आणि उठणारा तेवढा कोणी नाही.

का उठला नसेल कोणी? याचे उत्तर योहान देत नाही, पण लूक नकळत देऊन जातो. त्याच्या शुभवर्तमानात याच भोजनाच्या वेळी शिष्यांमध्ये वाद पेटतो, आपल्यात मोठा कोण, याचा. लूकने वाद सांगितला आणि गंगाळ सांगितले नाही. योहानने गंगाळ सांगितले आणि वाद सांगितला नाही. दोन्ही पाने शेजारी ठेवून वाचली की चित्र पुरे होते. मोठेपणाची मोजदाद चाललेल्या घरात कोपऱ्यातले भांडे रिकामेच राहायचे, कारण त्याला हात लावणारा मोजदादीत सगळ्यात खाली जाणार.

पाय धुण्याचे मोल त्या देशात काय होते, हे आपल्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. धुळीचे रस्ते, उघड्या वहाणा आणि दारी आलेला पाहुणा: अब्राहामानेही मम्रे येथे आलेल्या तीन अनोळखी वाटसरूंसाठी आधी पाय धुवायला पाणीच देऊ केले होते. यजमानाने पाणी द्यावे आणि पाहुण्याने आपले पाय आपण धुवावेत, नाही तर घरच्या दासाने ते धुवावेत, अशी रीत होती. त्यातही हे काम इतके हलके मानलेले, की हिब्रू दासाकडून ते करवून घेऊ नये, असे सांगणारे जुने ज्यू भाष्य आहे. आपल्याकडेही दारात तांब्या ठेवणे ही स्वागताची पहिली खूण. पूजेत आवाहन आणि आसन झाले की लगेच पाद्य. पण आपल्या पाद्याला एक ठरलेली दिशा आहे. शिष्याने गुरूचे, भक्ताने देवाचे, वधुपित्याने वराचे पाय धुवायचे. पाणी पायांवरून खाली ओघळले तरी मान मात्र खालून वर चढत जायचा, आणि ते चरणतीर्थ मस्तकी लावायचे. ही दिशा आपल्या अंगात इतकी मुरलेली आहे, की गुरूच उठून शिष्यांच्या पायांशी बसतो, तेव्हा काय उलटेपालटे झाले, हे मराठी वाचकाला टीपेवाचून कळते. किंबहुना आधी अंगावर काटा येतो आणि मागाहून अर्थ लागतो.

आता योहानाचे ते वाक्य पाहू, कारण या प्रसंगाचे सारे सौंदर्य त्याच्या रचनेत दडलेले आहे. वाक्य सुरू होते ते अतिशय उंचावरून. येशूला ठाऊक होते, असे योहान सांगू लागतो. काय ठाऊक होते, तर पित्याने सर्व काही आपल्या हाती दिले आहे, आपण देवापासून आलो आहोत आणि देवाकडेच चाललो आहोत. एकावर एक पायऱ्या चढत वाक्य शिखरावर पोहोचते, आणि आपण श्वास रोखून थांबतो. ज्याच्या हाती सर्व काही आले आहे, तो आता काय करील? आकाश दुभंगेल, सिंहासन उतरेल, निदान एखादा चमत्कार तरी होईल. आणि वाक्य सांगते, तो जेवणावरून उठतो. शिखरावरून थेट जमिनीवर, आणि मधे एकही पायरी नाही. ज्या हातांत सर्व काही दिले गेले, त्या हातांत पुढच्याच क्षणी काय येते, तर कोणा एका कोळ्याची भेगाळलेली टाच.

या दोन गोष्टींना जोडणारा 'तरीही' योहानाने घातलेला नाही, याचा आस्वाद आपण अंमळ थांबून घ्यायला हवा. आपण लिहिले असते तर सहज लिहिले असते, की एवढा मोठा असूनही तो वाकला. योहानाच्या वाक्यात 'असूनही' नाही. जाणणे आणि उठणे एकाच ओघात येतात, कारण आणि कार्य यावेत तसे. ठाऊक होते, म्हणून उठला. आपल्या रोजच्या व्यवहारात पाहा: पंगतीत आपली जागा जाईल अशी धास्ती ज्याला असते, तो पाटावरून हलत नाही, आपली जागा कुठे जात नाही, हे ज्याला ठाऊक असते, तो वाढायला उठतो. ख्रिस्ती जीवनात ज्या गुणाला लीनता म्हणतात, तिचे मूळ इथे स्वतःला क्षुद्र समजण्यात दिसत नाही. ती रितेपणातून येत नाही. काठोकाठ भरलेले भांडे जसे किंचित कलताच ओसंडते, तशी ती ओसंडून येते.

आणि गंमत अशी, की या संपूर्ण प्रसंगात 'लीनता' हा शब्दच नाही. 'नम्रपणे', 'प्रेमाने', 'हळुवारपणे' असे एकही क्रियाविशेषण योहानाने वापरलेले नाही. आहेत ती नुसती क्रियापदे: उठणे, वस्त्रे काढून ठेवणे, रुमाल घेणे, तो कमरेला बांधणे, पाणी ओतणे, धुऊ लागणे, पुसणे. ज्या लेखकाने आपल्या ग्रंथाचा आरंभ सृष्टीच्याही आधीपासून केला, जो एका वाक्यात अनादिकाल ओलांडून जातो, तोच इथे एकेका हालचालीपाशी थांबतो. ग्रीकमध्ये यातली काही क्रियापदे वर्तमानकाळात आहेत. डोळ्यांसमोर घडत असल्यासारखी. आपली आजी गोष्ट सांगताना भूतकाळ सोडून 'मग तो उठतो, दार उघडतो' असे म्हणू लागायची आणि आपण पांघरुणातून डोके वर काढायचो, तसे हे आहे. गुणाचे नाव घ्यायचे नाही, नुसते हात काय करतात ते दाखवायचे, ही या लेखणीची मर्यादशील रीत. आणि लीनता अशीच असते, हेही ओघाने कळते. तिचे नाव उच्चारले की ती खोलीतून निघून जाते.

त्या क्रियापदांतली दोन पुन्हा हातात घेऊन पाहण्याजोगी आहेत. वस्त्रे 'काढून ठेवणे' आणि धुणे संपल्यावर ती परत 'घेणे'. तीन अध्याय मागे जाऊन दहाव्या अध्यायात उत्तम मेंढपाळाचे बोलणे वाचले, तर तिथे येशू आपला प्राण ठेवण्याविषयी आणि तो परत घेण्याविषयी बोलतो, आणि ग्रीकमधली क्रियापदे तीच आहेत. प्राणासाठी वापरलेले शब्द योहान इथे अंगरख्यासाठी वापरतो. दुसऱ्या दिवशी वधस्तंभावर जे घडायचे आहे, त्याची सावली आदल्या संध्याकाळी खुंटीवर टांगल्यासारखी त्या काढून ठेवलेल्या वस्त्रात दिसते. मोठे अर्पण आणि छोटी सेवा यांच्यासाठी ज्याच्यापाशी एकच क्रियापद आहे, त्याला छोटे काम छोटे कसे वाटावे?

आता तो रुमाल. मराठी बायबलमधला हा रुमाल आजच्या खिशातला हातरुमाल नव्हे. तो पंच्याएवढा, कमरेला गुंडाळता येईल असा. ग्रीकमध्ये त्याला 'लेन्तिऑन' म्हटले आहे, आणि हा शब्द लॅटिनमधून, म्हणजे त्या काळच्या राज्यकर्त्यांच्या भाषेतून ग्रीकमध्ये आलेला. 'रुमाल'देखील मराठीत आला तो फारसीतून, एका काळच्या राज्यकर्त्यांच्याच भाषेतून. अनुवादकाच्या हे मनात नसेलही, पण शब्दांची दैवे कधी कधी अशी जुळतात. फारसीत 'रू' म्हणजे चेहरा आणि 'माल' म्हणजे पुसणारे. चेहरा पुसण्याच्या नावाचे वस्त्र इथे पाय पुसायला खाली उतरते, आणि मराठी वाक्यात मूळ ग्रीकमध्ये नसलेली एक अर्थच्छटा आपोआप उजळते.

पण त्याहून मोलाचा तपशील असा, की तो रुमाल त्याने हातात धरलेला नाही किंवा खांद्यावर टाकलेला नाही. तो कमरेला बांधलेला आहे, आणि त्या बांधलेल्या रुमालानेच तो पाय पुसतो. आपण स्वतः हे करून पाहावे. कमरेला बांधलेल्या कापडाने दुसऱ्याचे पाय पुसायचे तर ते पाऊल उचलून आपल्या अंगाजवळ आणावे लागते, जवळजवळ मांडीवर घ्यावे लागते. लांबून, हात ताणून, स्वतःला न भिजवता ही सेवा होत नाही. बारा जण धरले तर चोवीस पावले. पहिल्या पावलांना रुमालाची कोरडी ऊब मिळाली असेल. शेवटच्यांपर्यंत येता येता तो चिंब झाला असेल, आणि जेरुसलेमच्या वाटांची धूळ शिष्यांच्या पायांवरून निघून धुणाऱ्याच्या कमरेवर येऊन बसली असेल. दुसऱ्याला पुढे ठेवणे म्हणजे काय, याची इतकी नेमकी आणि इतकी घरगुती प्रतिमा आपल्याला क्वचित भेटते.

आपल्या मनातले या भोजनाचे चित्र बहुधा लिओनार्दोने रंगवलेले असते: लांब मेज आणि त्यापलीकडे आपल्याकडे तोंड करून ओळीने बसलेली मंडळी. त्या काळी अशा मेजवानीत मात्र डाव्या कुशीवर रेलून जेवायची पद्धत होती. तोंडे मधल्या अन्नाकडे आणि पाय बाहेरच्या बाजूला. म्हणजे पाय धुणारा येतो तो पाठीमागून. संभाषण पुढे चाललेले, हात ताटात, आणि पायांना अचानक पाण्याचा स्पर्श. मान वळवून पाहावे तो कोण? सेवा नेहमी अशी मागूनच येते. आपण ताटात गुंतलेले असतो तेव्हा. व्हेनिसच्या तिंतोरेत्तोला हे मर्म वेगळ्या तऱ्हेने उमगले होते. १५४८-४९ च्या सुमारास त्याने या विषयावर काढलेले प्रचंड चित्र आज माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. त्या विशाल दालनात मधोमध कोण, तर निवांत बसलेला एक कुत्रा. एक शिष्य दुसऱ्याच्या पायातला घट्ट पायमोजा ओढून काढतो आहे आणि त्या खटाटोपात दोघांची त्रेधा उडाली आहे. येशू आहे तो अगदी उजव्या कोपऱ्यात, पेत्राच्या पायांशी. मूळ चर्चमध्ये चित्र बाजूच्या भिंतीवर होते आणि भाविक उजवीकडून त्याकडे येत, असा त्या रचनेचा उलगडा जाणकार करतात. तो खराच असेल. पण ज्याच्याभोवती सारे चित्र उभे, त्यानेच मधली जागा सोडून कोपरा धरावा, यात विषयाचे मर्मही आपोआप उतरले आहे.

आणखी एक धागा आहे आणि तो फार नाजूक आहे. पुसण्यासाठी योहानाने इथे जे क्रियापद वापरले, तेच त्याने एक अध्याय आधी वापरलेले आहे. वल्हांडणाच्या सहा दिवस आधी बेथानीला लाजराची बहीण मरिया हिने येशूच्या पायांना मोलाचे सुगंधी तेल लावले आणि आपल्या केसांनी ते पाय पुसले. सारे घर त्या सुगंधाने भरून गेले, असे योहान सांगतो. त्या तेलाच्या किमतीवरून कुरकुर करणारा यहूदाही तिथे होता. काही दिवसांच्या आतच येशू स्वतः पाय पुसायला बसतो. त्या पुसण्यामागे मरियेचे पुसणे आहे, असे योहान कुठे म्हणत नाही. त्याने फक्त शब्द तोच ठेवला. पण आपण रसिक म्हणून ते दोन पुसणे जवळजवळ ठेवले, तर वाटते, की हा गुरू एका स्त्रीकडून मिळालेली गोष्ट शिष्यांना देतो आहे. पाय पुसून घेणे म्हणजे काय, हे त्याने आधी स्वतः अनुभवले होते. ज्याने घेतले, तोच देऊ जाणतो.

आणि नेमके इथेच पेत्राचे घोडे अडते. त्याच्या तोंडच्या प्रश्नात ग्रीक शब्दक्रमाने 'तू' आणि 'माझे' हे दोन शब्द एकमेकांना खेटून उभे केले आहेत. त्या दोन शब्दांच्या मधल्या फटीत सारा धक्का मावला आहे. मराठीतही तो क्रम तसाच साधतो, हे आपले भाग्य. पेत्र आधी विचारतो, मग साफ नाकारतो, आणि धुतल्याशिवाय आपल्यात नातेच उरणार नाही असे ऐकल्यावर एकदम दुसऱ्या टोकाला जाऊन हातही धू, डोकेही धू, म्हणू लागतो. हा भोळा, उतावळा, मनापासून प्रेम करणारा माणूस; त्याला मधली अवस्था ठाऊकच नाही. येशू त्याला हळूच थांबवतो. अंघोळ झालेल्याला फक्त पाय धुवावे लागतात, असा त्याच्या उत्तराचा भाव. आणि अंघोळ घालणे व पाय धुणे यांसाठी ग्रीकमध्ये वेगवेगळी क्रियापदे आहेत. बाहेरून आल्यावर आधी पाय धुऊन ये, असे ऐकत वाढलेल्या आपल्याला हा भेद व्याकरणाच्या पुस्तकातून शिकावा लागत नाही.

पेत्राच्या नकारात आपण स्वतःला ओळखतो का? दुसऱ्यासाठी वाकणे अवघड खरे, पण त्यात करणाऱ्याचे एक समाधान असते. पाय पुढे करणे त्याहून अवघड. आजारपणात सुनेने पाय चेपायला घेतले की ते आखडून घेणारे सासरे, 'असू दे गं, माझे मी करीन' म्हणणारी आई, कोणाचे उपकार नकोत म्हणून ताप अंगावर काढणारे आपण, सगळा पेत्राचाच गोतावळा. आमची नकाराची भाषा विनयाची असते, आणि आत बऱ्याचदा ताठा असतो: मी देणारा, मी घेणारा नव्हे. या प्रसंगातली लीनता म्हणूनच दोघांची मिळून पुरी होते. एकाने वाकायचे आणि दुसऱ्याने आपली धुळीची टाच न लपवता त्याच्या हातात द्यायची. यातली दुसरी अर्धी बाजू प्रवचनांत क्वचित येते. ती पेत्राच्या वाट्याला आली, आणि ज्याला पुढे कळपाची राखण करायची होती त्याचाच पहिला धडा असा स्वीकाराचा ठरला.

मराठी मातीत या धड्याची एक विलक्षण आठवण आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, ही त्यांचीच भावना. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा मार्ग वेगळा आणि सावकाश. त्यांचा बाप्तिस्मा १९०० मधला. मधल्या वर्षांत कोणाच्या हातचे खावे, कोणाच्या हातचे पाणी प्यावे, या प्रश्नाने त्यांच्या मनाची जी घालमेल झाली, ती 'स्मृतिचित्रे' या आत्मकथनात त्यांनी स्वतःला हसत, स्वतःला जराही न सजवता सांगितली आहे. आपल्या समाजात पाण्याला जात होती. त्यामुळे इथल्या माणसाची लीनता दुसऱ्याला पाणी देण्यात तितकीशी कसाला लागत नव्हती. विहिरीवरून ओंजळीत वरून पाणी ओतणारे हात स्वतःला दयाळूच समजत असत. कस लागायचा तो दुसऱ्याच्या हातचे पाणी घेताना. पेत्राचा संकोच आणि लक्ष्मीबाईंची घालमेल यांत काळाचे, देशाचे केवढे तरी अंतर आहे, पण पाणी दोन्हीकडे तेच काम करते.

पेत्राजवळ रेंगाळताना आपण एका माणसाला ओलांडून जातो. यहूदा इस्कर्योत अजून तिथेच आहे. तो बाहेर पडतो ते पाय धुऊन झाल्यावर, हातात घास घेतल्यावर. आणि तो दाराबाहेर जाताच योहान फक्त एवढेच नोंदवतो, की बाहेर रात्र होती. म्हणजे त्या चोवीस पावलांत ती दोन पावलेही होती. ती धुताना काय झाले, याविषयी योहान एक अक्षरही लिहीत नाही. हात थबकला का, पाणी गार झाले होते का, दोघांची नजर भिडली का? कुठल्याही लेखकाला इथे मोह झाला असता. पण वेगळे काही सांगण्यासारखे घडलेच नाही, हेच तर सांगायचे होते. त्याचेही पाय तसेच धुतले, तशाच रुमालाने पुसले. ज्या पायांनी तो घटकाभराने धरून द्यायला जाणार होता, ते पाय स्वच्छ होऊन गेले.

मग तो वस्त्रे घालतो, परत आपल्या जागी बसतो आणि बोलतो. मी प्रभू आणि गुरू असून तुमचे पाय धुतले, तर तुम्हीही... आणि इथे आपले कान अपेक्षेने पुढे होतात. आपल्या हिशेबाने वाक्य असे पुरे व्हायला हवे, की तुम्हीही माझे धुवा. ऋण ज्याचे, त्याला फेडायचे. पण येशू म्हणतो, एकमेकांचे. ऋण आहे, कर्तव्य आहे, ते सांगणारे क्रियापदही देण्या-घेण्याच्या व्यवहारातलेच आहे. फक्त सावकाराने खाते शेजाऱ्याच्या नावे करून टाकले आहे. 'एकमेकांचे' या एका शब्दाने मघाची मानाची दिशाच मोडून पडते. वर-खाली असा उतार राहिला नाही, की पाणी आपोआप सगळ्यांभोवती फिरू लागते. वारीत भेटलेले दोन वारकरी वय, जात, घराणे न विचारता एकाच वेळी एकमेकांच्या पायांकडे वाकतात आणि दोघांची डोकी हलकेच एकमेकांवर आपटतात, हे ज्याने पाहिले आहे, त्याला या शब्दाची गोडी समजावून सांगायला नको.

या एका शब्दाचे पडसाद पुढे दूरवर ऐकू येतात. पौलाने तुरुंगातून फिलिप्पैच्या मंडळीला पत्र लिहिले, तेव्हा दुसऱ्याला आपल्यापेक्षा श्रेष्ठ मानण्याचा उपदेश करताना त्याने ख्रिस्ताने स्वतःला रिते केल्याचे उदात्त चिंतन मांडले. आणि त्याच पत्राच्या अखेरीला युवदिया आणि सुंतुखे या दोन स्त्रियांनी एकमनाने राहावे, अशी नावे घेऊन विनवणीही केली. एवढे विराट चिंतन, आणि त्याचा एक उपयोग दोन बायकांचा अबोला मिटवण्यासाठी! फिलिप्पै ही नागरिकत्वाचा ताठा मिरवणारी रोमन वसाहत. पौलाने लीनतेसाठी वापरलेल्या ग्रीक शब्दाचे मूळ त्या जगात हलकेपणाचे, खालच्या पायरीचे निदर्शक होते. खाली पडलेला तो शब्द उचलून, पुसून, ख्रिस्ती मंडळीने आपल्या घरात मानाने ठेवला.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठासाठी नियम लिहिले, त्यांत स्वयंपाकघरातल्या आठवड्याच्या पाळीचा एक साधा नियम आहे. शनिवारी पाळी संपवणाऱ्याने आणि नव्याने पाळी घेणाऱ्याने मिळून सर्व बंधूंचे पाय धुवायचे. शिवाय हातपाय पुसायचे पंचे जाणाऱ्याने धुऊन ठेवायचे आणि भांडी स्वच्छ, अभंग अवस्थेत परत करायची. योहानाच्या प्रसंगात न आलेली एक गोष्ट या नियमात आली आहे: ओला पंचा शेवटी कोणी धुवायचा? विधीची भव्यता संपते तिथे धुणे सुरू होते, हे त्या मठवासीयाला पक्के ठाऊक होते.

आजही पवित्र गुरुवारी संध्याकाळी जगभरच्या कॅथलिक चर्चांत, आपल्या वसईतही, हे गंगाळ पुन्हा भरले जाते. धर्मगुरू वाकून मंडळीतल्या निवडक लोकांचे पाय धुतात. २०१३ साली पोप फ्रान्सिस यांनी हा विधी रोममधल्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात केला, आणि त्या बारा जणांत मुली होत्या, मुस्लिमही होते. पुढे २०१६ मध्ये स्त्रियांना सामावून घेणारा बदल नियमातही झाला. पण या विधीतली मला फार आवडणारी गोष्ट कुठल्या नियमात लिहिलेली नाही. ज्यांची निवड होते, ती माणसे घरून पाय घासूनपुसून, नखे काढून, स्वच्छ होऊन येतात. हसू येते आणि गहिवरूनही येते. धुण्यासाठी जातानाही मळ दाखवायचा नाही! पेत्र अजून आपल्यात पायमोजे नीट ओढून बसलेला आहे. आणि तरीही कोमट पाण्याची धार पावलावर पडते, एक पिकलेले मस्तक आपल्या पायांशी लवते, तेव्हा घरून धुऊन आणलेले ते पाय आतून थरथरतात; कुठला मळ धुतला जातो आहे, हे ज्याचे त्याला कळत असते.

शेवटी पुन्हा त्या ओळींकडे जाऊ. योहान काटेकोर लेखक आहे. त्याने उठणे सांगितले, वस्त्रे काढणे सांगितले, रुमाल घेणे आणि बांधणे सांगितले. धुणे झाल्यावर वस्त्रे परत घेतल्याचे सांगितले, परत बसल्याचेही सांगितले. एक गोष्ट मात्र त्याने सांगितली नाही, आणि ती आपण किती वेळा हे पान वाचून गेलो तरी ध्यानात येत नाही. कमरेचा रुमाल सोडल्याचे त्याने कुठेच लिहिलेले नाही. वस्त्रे अंगावर आली, गुरू आपल्या जागी बसला, बोलू लागला. वरून पाहणाऱ्याला तो पुन्हा प्रभू दिसत होता. आत, त्या वस्त्रांच्या खाली, बारा जणांच्या पायांच्या धुळीने मळलेला, पाण्याने जड झालेला तो रुमाल तसाच बांधलेला असेल, आणि बोलता बोलता त्याची ओल वरच्या वस्त्रावर हळूहळू उमटत असेल.